ऐंशीचे मानकरी

करमणुकीचं दशक कॅलेंडरच्या दशकाबरोबर चालतंच असं नाही. मराठी करमणुकीचं ऐंशीचं दशक माझ्या हिशेबाने १९८२ मध्ये सुरू होतं. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पुढे त्यांतले पुष्कळ कायमचे गावी गेले. १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला. एशियाडच्या निमित्ताने रंगीत संचांची आयात सैल झाली. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला, दादा कोंडक्यांचा ‘आली अंगावर’ आला आणि सचिन पिळगावकर ‘मायबाप’ घेऊन दिग्दर्शनात उतरले. ‘उंबरठा’तली स्मिता पाटील, दादा आणि सचिन एकाच वर्षाच्या पोस्टरांवर असणं हा योगायोग असेल. पण तोवर पिटात बसणारा माणूस गावी परतत होता आणि त्याच्या मुलांपुढे घरातच एक नवा पडदा आला होता. हा योगायोग नव्हता.

या पुस्तकात त्या दशकावर राज्य करणारी माणसं आहेत. गाणं, दूरदर्शन आणि सिनेमा ही तीन राज्यं वेगवेगळी धरून त्यांच्यावर पूर्वी बरंच लिहिलं गेलं आहे. सिनेमावरच्या पुस्तकांना कॅसेट ऐकू येत नाही, संगीतावरचे अभ्यासक आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्यापाशी आले की घसा खाकरतात, आणि दूरदर्शनवर जे काही लिहिलं जातं ते बहुधा आठवणींच्या अंगाने जातं. इथे तिन्ही एकत्र ठेवायचा प्रयत्न आहे, कारण प्रेक्षकाने ते कधी वेगळे ठेवले नव्हते. शनिवारी संध्याकाळी शेजारच्यांच्या टीव्हीवर मराठी सिनेमा पाहणारा माणूस, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावरून गाणी ऐकणारा माणूस आणि भारतमाता किंवा प्रभात थिएटरच्या खिडकीवर रांगेत उभा असलेला माणूस हा एकच होता.

या कलावंतांची सत्ता एवढी मोठी का झाली, या प्रश्नाचं सोपं उत्तर ‘ते गुणी होते’ असं आहे. ते होतेच. पण गुणी माणसं त्याआधीही होती आणि नंतरही आली. ऐंशीच्या दशकात लोकांपर्यंत पोहोचायचे दरवाजे मोजकेच होते: एक दूरदर्शन, तालुक्याला एक-दोन थिएटरं, आकाशवाणीची ऑडिशन, एखादी रेकॉर्ड कंपनी. जो या दरवाजातून आत गेला तो सगळ्यांच्या घरी पोहोचला. आणि त्याच दशकात कॅसेट नावाच्या वस्तूने मागच्या बाजूला एक भिंतच फोडली. तिथून जे आत आले त्यांना कोणी ऑडिशन विचारली नाही. पुढच्या दरवाजाने आलेले आणि भिंत फोडून आलेले, अशा दोन जातींच्या मानकऱ्यांची ही गोष्ट आहे, आणि दुसऱ्या जातीच्या वाट्याला आजवर फार कमी शाई आली आहे असं माझं मत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. मराठी विनोदाचा मोठा प्रवाह लोकनाट्यातून आला. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ साठीच्या दशकात रंगमंचावर आलं आणि त्याने कृष्णा कोंडके नावाच्या, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेल्या गिरणगावातल्या तरुणाला ‘दादा’ केलं. १९७१ चा ‘सोंगाड्या’ही सबनिसांच्याच लेखणीचा. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागावा म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली, हा प्रसंग आता दंतकथेसारखा सांगितला जातो, पण त्यामागचा मुद्दा खरा होता: मुंबईत मराठी सिनेमाला पडदा मिळवण्यासाठी झगडावं लागत होतं. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांगच लागली. ओळीने नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली. दादांचा नायक ढगळ चड्डीत असे, तिची नाडी लोंबत असे आणि तो जेवढा बावळट दिसे तेवढा नसे. गावातून मुंबईत आलेल्या आणि साहेबाच्या भाषेने बिचकलेल्या माणसाला तो आपला वाटला. द्व्यर्थी संवादांबद्दल सेन्सॉरशी त्यांचं जे युद्ध चाललं त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांच्या टायमिंगबद्दल अधिक लिहिलेलं वाचायला आवडलं असतं, आणि या पुस्तकात ते आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात राज्य सरकारने करमणूक कराचा परतावा देण्याची योजना आणली. मराठी चित्रपटाचा भरलेला कर निर्मात्याला पुढचा चित्रपट काढण्यासाठी परत मिळू लागला. एका बाजूने यामुळे चित्रपटांची संख्या टिकली. दुसऱ्या बाजूने, परताव्यासाठी काढलेले कसेबसे सिनेमेही पडद्यावर आले. पण हा परतावा नसता तर ऐंशीच्या विनोदी लाटेला पाण्याचा थेंब मिळाला नसता, हे कबूल करायला हवं.

‘पांडू हवालदार’मध्ये दादांसोबत दुसरा हवालदार होता अशोक सराफ. गोपीनाथ सावकारांचा भाचा, ‘ययाती आणि देवयानी’त विदूषक करून आलेला, स्टेट बँकेत नोकरी करणारा. मला हा माणूस या सगळ्या गोष्टीची बिजागरी वाटतो. लोकनाट्याच्या अंगाचा विनोद त्यांनी दादांच्या शेजारी उभं राहून केला आणि शहरी फार्सचा विनोद सचिन व महेश कोठाऱ्यांकडे केला. दोन्हीकडे ते परके वाटले नाहीत. ‘धूमधडाका’तली त्यांची खोकल्याची लकब आज ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती मुलं करतात. लोकांनी त्यांना ‘मामा’ करून टाकलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांची प्रतिक्रिया ‘एवढ्या उशिरा?’ अशीच होती.

सचिन आणि महेश कोठारे यांची जोडगोळी इतिहासाने गमतीने जुळवली आहे. दोघेही साठीच्या दशकाच्या सुरुवातीला बालकलाकार म्हणून आले, एक ‘हा माझा मार्ग एकला’मधून, दुसरा ‘छोटा जवान’मधून. दोघांनी हिंदीत कामं केली, तिथली शिस्त आणि तांत्रिक सफाई पाहिली आणि वीसेक वर्षांनी दोघांनीही ठरवलं की मराठी सिनेमा गावच्या पारावरून शहरात आणायचा. १९८४ चा ‘नवरी मिळे नवऱ्याला’, १९८५ चा ‘धूमधडाका’, मग ‘गंमत जंमत’, ‘दे दणादण’, ‘थरथराट’, आणि १९९० मध्ये सिनेमास्कोपमधला ‘धडाकेबाज’. नायकाच्या अंगावर चड्डीऐवजी जीन्स आली. पाटलाच्या वाड्याची जागा उद्योगपतीच्या बंगल्याने घेतली. कथा बऱ्याचदा उसन्या होत्या: ‘धूमधडाका’मागे तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ आहे, ‘अशी ही बनवाबनवी’मागे हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’. टीकाकारांनी त्यावर तेव्हा बरंच तोंडसुख घेतलं. थिएटरबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

या लाटेच्या शिखरावर लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे लक्ष्या. गिरगावात वाढलेला, मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत नाटकं पाहत-करत मोठा झालेला, पुरुषोत्तम बेर्डेंच्या ‘टूरटूर’ने एका रात्रीत लोकांच्या तोंडी आलेला. ‘टूरटूर’ने त्याच्यासोबत प्रशांत दामलेही दिले, म्हणजे एका नाटकाने पुढच्या दोन दशकांच्या हशांची सोय करून ठेवली. लक्ष्याचा विनोद अशोक सराफांसारखा मोजूनमापून येत नसे. तो घाबरट, धांदरट, एका वाक्यात तीनदा सूर बदलणारा होता. शेवटी तो जिंकला तरी सुटल्यासारखा दिसे. गिरण्या बंद पडलेल्या शहरात नोकरीच्या शोधात फिरणारा मुलगा त्या धांदरटपणात स्वतःला पाहत असेल, असं म्हणायला मला पुरावा लागत नाही. त्याच्या सगळ्या भूमिका चांगल्या नाहीत. काहींमध्ये तो केवळ आरडाओरडा करतो. पण पु. ल. देशपांड्यांच्या पटकथेवरचा जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ त्याने केला तेव्हा आतला नट किती खोल होता ते दिसलं. १९९२ च्या प्रेक्षकाने त्या लक्ष्याकडे पाठ फिरवली. याचं दुःख त्याला शेवटपर्यंत होतं असं सांगतात, आणि तो गेला तेव्हा पन्नाशीच ओलांडली होती.

‘बनवाबनवी’वर जरा थांबतो. सप्टेंबर १९८८. पुण्यात भाड्याची जागा मिळेना म्हणून चौघांपैकी दोघे बायका होतात. हे कथानक हिंदीत बावीस वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं, मग मराठीत ते एवढं का रुजलं? पटकथा-संवाद वसंत सबनिसांचे होते, हे पुरेसं उत्तर नाही पण मोठं उत्तर आहे. ज्यांच्या लेखणीने ‘विच्छा’ आणि ‘सोंगाड्या’ दिले त्यांनीच शहरी फार्सची भाषाही घडवली, आणि म्हणून दादांची परंपरा संपवून नवी आली असं म्हणणं मला पटत नाही. दुसरं, जागेचा प्रश्न. ऐंशीच्या दशकातल्या मराठी विनोदी सिनेमांचे नायक एका खोलीसाठी, एका नोकरीसाठी, एका श्रीमंत सासऱ्यासाठी धावत असतात. या धावाधावीत एक काळ स्वतःची चेष्टा करून घेत होता. मग आजही मध्यरात्री तो सिनेमा लागला की माणसं संवाद आधीच म्हणतात यात नवल नाही, कारण जागेचा प्रश्न सुटलेला नाही.

बायकांचं काय? हा या दशकाचा दुबळा कोपरा. त्याआधी उषा चव्हाण दादांच्या बरोबरीने पडद्यावर उभ्या राहत. रंजना तर विनोदी आणि गंभीर दोन्ही पेलणारी, स्वतःच्या नावावर सिनेमा चालवणारी अभिनेत्री होती. १९८७ च्या अपघाताने तिचं पडद्यावरचं आयुष्य संपवलं. स्मिता पाटील १९८६ च्या डिसेंबरमध्ये गेली. मागे उरलेल्या नायिकांना (निवेदिता जोशी, सुप्रिया, अश्विनी भावे, प्रिया अरुण, गोव्याहून आलेली वर्षा उसगांवकर) फार्सने नायकाच्या मागे धावायला लावलं. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या त्या संहितांपेक्षा मोठ्या होत्या; पुढच्या वर्षांत नाटकांत आणि मालिकांत त्यांनी ते दाखवलं. दशकाच्या अगदी काठावर, १९९१ मध्ये, ‘माहेरची साडी’ आला आणि अलका कुबल यांच्या रडण्याने लाटा उसळवल्या. बाईला मध्यभागी आणायचं तर तिला रडवावंच लागतं, असा अर्थ व्यवसायाने त्यातून काढला. तो चुकीचा होता, पण पुढे बरीच वर्षं पाळला गेला.

आता दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वरळीच्या त्या इमारतीतून एक वेगळा मराठी माणूस घराघरांत गेला: नीटनेटका, वाचलेला, हळू बोलणारा. ‘गजरा’ची प्रहसनं, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधल्या मुलाखती, ‘आमची माती आमची माणसं’, चि. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊला बाळ कर्व्यांनी दिलेला देह. ही ऐंशीच्या आधीची पुंजी. इथला विनोद धोतराच्या निऱ्यांसारखा घडी घालून ठेवलेला होता. लक्ष्याच्या गोंधळाशी त्याचं नातं लांबचं. तरी प्रभावळकर दोन्हीकडे सहज वावरले. दूरदर्शनने त्यांना ‘स्टार’ केलं नाही, त्यांना घरातलं माणूस केलं, आणि तो दर्जा जास्त टिकतो.

राष्ट्रीय कार्यक्रमाने मात्र खेळ मोठा केला. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झालं, छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली आणि तालुक्याच्या गावात अँटेना दिसू लागले. मराठी कलावंतांना याचा फटका बसला असं एक मत आहे, कारण संध्याकाळचा मोक्याचा वेळ हिंदीने घेतला. ते खरं आहे. पण याच हिंदी पडद्यावर प्रिया तेंडुलकर ‘रजनी’ झाली आणि गॅसवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तिने जाब विचारला. टॅक्सीवाल्यांनी तर निषेध केला. आणि ‘रामायण’! त्या मालिकेतल्या कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, दशरथ म्हणजे त्यांचे पती बाळ धुरी, मंथरा म्हणजे ललिता पवार, भरत म्हणजे संजय जोग. ‘सांगत्ये ऐका’ची तमासगिरीण रविवारी सकाळी देशाची राजमाता झाली आणि लोक तिच्यासमोर हात जोडून बसले. एकाच अभिनेत्रीच्या कारकिर्दीत तंबूतल्या फडापासून देव्हाऱ्यासारख्या टीव्हीपर्यंतचा प्रवास मावतो. पाठोपाठ ‘महाभारत’ आलं आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचलेले, पेशाने पशुवैद्य असलेले नीतीश भारद्वाज कृष्ण झाले.

आणि आता भिंत फोडून आलेले. ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत मराठी गाणं म्हणजे आकाशवाणी आणि एचएमव्ही. भावगीतात अरुण दाते, सुधीर फडके, सिनेमात अनिल-अरुण, राम-लक्ष्मण, जगदीश खेबुडकरांची पेटीभर गाणी. सुरेश वाडकर, अनुराधा पौडवाल, उषा मंगेशकर, महेंद्र कपूर. रेकॉर्ड महाग, ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग. मग आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर आले, भारतात स्वस्त कॅसेट बनू लागल्या, टी-सीरिज आणि वीनस यांनी बाजार ढवळून काढला. ब्लँक कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं प्रत्येक नाक्यावर. पायरसी होतीच, पण त्याचबरोबर छोट्या भाड्याच्या स्टुडिओत दोन दिवसांत कॅसेट ध्वनिमुद्रित करून तिसऱ्या आठवड्यात एसटी स्टँडच्या टपरीवर विकता येऊ लागली. आता कोणत्या गाण्याला श्रोता आहे हे कंपनीचा साहेब ठरवत नव्हता, टपरीवाला ठरवत होता.

इथे प्रल्हाद शिंदे. कव्वालीच्या सामन्यांत, भीमजयंतीच्या मंचांवर, वामनदादा कर्डकांच्या शब्दांवर तापलेला आवाज. तोच आवाज पंढरीच्या वाटेचंही गाणं गातो आणि वारीतल्या ट्रकवर वाजतो. आंबेडकरी चळवळीतला गायक विठ्ठलाचा गायक म्हणून घराघरांत जातो, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासांनी एका ओळीत उरकली आहे. खरं तर जातीच्या भिंती कुठे पातळ होतात आणि कुठे जाड राहतात हे पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही: त्यांची भक्तिगीतं ज्या घरांत वाजली त्यांतल्या किती घरांत त्यांची भीमगीतं वाजली? मग आला त्यांचा मुलगा आनंद (भाऊ मिलिंद, हिंदीतले संगीतकार आनंद-मिलिंद वेगळे, हे दर वेळी सांगावं लागतं). दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या पोपटाच्या गाण्याने महाराष्ट्र वेडा केला. लग्नाची वरात त्यावाचून निघेना. अभिजनांनी नाकं मुरडली, आणि अजूनही मुरडतात, पण दादांच्या द्व्यर्थी संवादाला ‘अस्सल लोककला’ म्हणणाऱ्यांनी त्या कॅसेटला ‘अश्लील’ म्हणावं, यातला न्याय मला कधी कळला नाही.

तिन्ही राज्यं एकमेकांत कशी मिसळली होती हे पाहायचं तर मराठी सिनेमाबाहेर जाऊन १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात आलेला ‘मैंने प्यार किया’ पाहावा. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, ज्यांना हे नाव दादा कोंडक्यांनी दिलं. नायिका भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धन घराण्यातली, अमोल पालेकरांच्या ‘कच्ची धूप’ या मालिकेतून दिसलेली. आई रीमा लागू, मराठी रंगभूमीवरून ‘खानदान’ मालिकेमार्गे आलेली. आणि नोकर मनोहर म्हणजे लक्ष्या. कॅसेटींच्या खपाने त्या सिनेमाला डोक्यावर घेतलं. मराठी लोकनाट्य, रंगभूमी, दूरदर्शन आणि कॅसेट एका हिंदी सिनेमात येऊन भेटले, आणि मराठी वर्तमानपत्रांनी सगळं कौतुक सलमान खानवर खर्च केलं.

आज हे सगळं का वाचायचं? रीलवर त्या सिनेमांचे तुकडे रोज फिरतात, म्हणजे ते दशक जिवंत आहे असं वाटतं. फिरतात ते मात्र पंधरा-वीस प्रसंगच. बाकीचं झपाट्याने जातंय. फितींचे डबे कुठल्या तरी गोदामात आंबट वासाचे झाले आहेत. दूरदर्शनच्या त्या काळच्या टेपा पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे कित्येक कार्यक्रम केवळ पाहणाऱ्यांच्या डोक्यात उरले आहेत. कॅसेटींचं तर कोणी संग्रहालयही केलं नाही. छोट्या कंपन्या बंद पडल्या, कव्हरवर वादकांची नावं छापली नव्हती, ढोलकी कोणी वाजवली हे सांगणारी माणसं सत्तरीत आहेत. दुसरीकडे वाहिन्या शेकड्यांनी झाल्या आणि सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला एक चेहरा तयार होणं अवघड झालं. ते बरं की वाईट, यावर या पुस्तकातल्या लेखकांत एकमत नाही आणि ते करून घेण्याचा आम्ही प्रयत्नही केला नाही.

हे पुस्तक चरित्रांचा संग्रह नाही. प्रत्येक कलावंताबरोबर त्याला पुढे आणणारी यंत्रणा पाहिली आहे: वितरक, थिएटरमालक, निर्माते, टपऱ्या, दूरदर्शनचे कार्यक्रम-निर्माते, मांडव घालणारे. काही मोठी नावं सुटली आहेत. निळू फुले आणि सदाशिव अमरापूरकर यांच्यावर स्वतंत्र लेख नाहीत, कारण त्यांची झेप या दशकात मावत नाही. ते इतरांच्या लेखांतून येत-जात राहतात. व्यावसायिक रंगभूमी हा चौथा दरवाजा होता, त्याला पुस्तकभर जागा लागेल, म्हणून इथे तो अर्धाच उघडला आहे.

लेखांचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. पहिला लेख प्रल्हाद शिंद्यांवर आहे, दुसरा कॅसेटच्या धंद्यावर, आणि लक्ष्या-अशोक-सचिन-महेश ही चौकडी शंभर पानं उलटल्यावर भेटते. घाईच्या वाचकाने थेट तिकडे जायला हरकत नाही. मुखपृष्ठावर मात्र लक्ष्या आहे. त्यावरून प्रकाशकांशी माझी एक चकमक झाली, मी हरलो, आणि दुकानात पुस्तक कोण उचलणार याचा त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का आहे हेही मला ठाऊक आहे.